उजव्या कडेच्या काचा

"तुम्ही फक्त तीन वाक्यं बोलायची," खटावकर वकील म्हणाले. "मी माझ्या डाव्या बाजूनं चालले होते. समोरून एम-एटी दुचाकी अचानक माझ्या अंगावर आली. ब्रेक लावला, पण वेळ मिळाला नाही. संपलं. चौथं कुणी विचारलंच, तर मी उभा आहे."

आम्ही साताऱ्याच्या कोर्टात पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात होतो. सन दोन हजार, जानेवारीचा शेवटचा आठवडा. खटावकर विमा कंपनीचे वकील. माझ्या ओम्नीचा विमा त्या कंपनीकडे होता, त्यामुळे नुकसानभरपाईचा दावा माझ्यावर आणि कंपनीवर असा दोघांवर होता, आणि माझं वकीलपत्रही त्यांनीच घेतलं होतं. पंचवीस वर्षं ते असेच दावे लढत आले होते. बोलताना ते कधी घाई करत नसत.

"हे लक्षात घ्या मॅडम. गाडीवाल्याची चूक होती हे जखमी माणसानं सिद्ध करायचं असतं. याच्याकडे साक्षीदार नाही. याला स्वतःला काही आठवत नाही. चूक तुमची नव्हती असं इथं ठरलं, की कराडला तुमच्यावर चाललेल्या फौजदारी केसमध्ये काही दम राहत नाही. तुमची सरकारी नोकरी आहे. शिक्षा झाली तर खातं चौकशी लावणार. म्हणजे तुमचं आणि कंपनीचं हित एकच."

मी मान हलवली. मला भीती वाटत नव्हती. मी तेव्हा कराड तालुक्यात पशुवैद्यकीय अधिकारी होते, वय तेहतीस. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवणारी बाई कोर्टाच्या पिंजऱ्याला काय घाबरणार. आणि गाडीचं म्हणाल तर माझे वडील, तात्या, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत एक अपघात नाही. सतराव्या वर्षी त्यांनी मला जीप शिकवली होती. गावोगावची माणसं आधी हसायची, "डॉक्टरीणबाई स्वतः गाडी हाणत्यात" म्हणून. मग हळूहळू त्यांचं हसणं बंद झालं. त्या गोष्टीचा मला माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता.

अपघात दोन वर्षांपूर्वीचा, फेब्रुवारीतला. मी पोलिसांना दिलेला जबाब असा होता: सकाळी साडेअकराला मसूरकडून कराडकडे येत होते. पुढे उसाची ट्रॉली होती, मी तिच्या मागे होते. वळणाजवळच्या ओढ्याच्या मोरीवर ट्रॉली पुढे गेली आणि समोरून एम-एटीवरचा माणूस झोकांडी खाऊन माझ्या बाजूला आला. धडक झाली. ट्रॉलीवाला थांबला नाही. मी एका वाटसरूच्या मदतीनं त्या माणसाला ओम्नीत घातलं आणि कराडला दवाखान्यात नेलं.

त्या माणसाचं नाव भानुदास लोहार. भानू पेंटर म्हणूनच लोक ओळखायचे. दुकानांच्या पाट्या, दूध संस्थांच्या भिंती, जत्रेचे फलक, सगळं त्याच्या हातचं. डोक्याला मार लागला होता, हेल्मेट नव्हतं. उजवा गुडघा पार चुरा झाला होता. डोकं सुधारलं, फक्त त्या सकाळची अर्ध्या तासाची आठवण पुसली गेली ती गेलीच. गुडघा वाकेना. शिडी चढता येत नाही म्हटल्यावर पेंटरला काम कोण देणार?

तात्यांनी अपघाताच्या संध्याकाळी ओम्नीभोवती एक फेरी मारली होती आणि मला एकच विचारलं होतं, "ट्रॉलीच्या मागं होतीस का बाहेर आली होतीस?"

"मागंच होते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी कोर्टात आधी भानुदासचा नंबर होता. त्याचा वकील बाबर नावाचा, नवखा, काळ्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर आलेला. त्यानं भानुदासला नाव, धंदा, दुखापत विचारली आणि मग अपघाताकडे आला.

"समोरची गाडी कुठल्या बाजूनं येत होती?"

उत्तर काय द्यायचं हे त्यानं भानुदासला शिकवून ठेवलं असणार, हे त्याच्या स्वरावरूनच कळत होतं. गाडी चुकीच्या बाजूनं आली, एवढं म्हटलं की काम झालं. तो म्हणाला असता तर त्याला खोटं कोण पाडणार होतं? मी एकटी.

भानुदास कुबडी टेकून उभा होता. तो माझ्याकडे न बघता न्यायाधीशांकडे बघत होता.

"मला आठवत न्हाई सायेब."

बाबरनं घसा साफ केला. "नीट आठवा. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती?"

"आठवत असतं तर सांगितलं असतं. मोरीच्या अलीकडं मंदिर हाय, तितवर आठवतंय. पुढचं दवाखान्यातलं."

मग खटावकर उठले. अगदी सौम्य आवाजात विचारू लागले. जबरदस्ती नाही, चढा सूर नाही.

"अपघाताच्या आधी दोन दिवस काय काम चाललं होतं?"

"जत्रेचं. कमानी रंगवत हुतो."

"झोप किती झाली होती?"

"दोन दिवसांत चार-पाच तास."

"म्हणजे गाडीवर डुलकी लागली असेल?"

बाबर हरकत घ्यायला अर्धा उठला. तोवर भानुदास बोलून गेला होता.

"लागली असंल. मला तसंच वाटतंय."

खटावकरांनी खाली बसताना माझ्याकडे बघितलं. त्यांना हसण्याची सवय नव्हती. त्यांनी नुसता फाईलचा बंद बांधला. दावा तिथंच संपल्यात जमा होता. माझी साक्ष जेवणानंतर, आणि ती आता फक्त शिक्का मारण्यापुरती.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली आले. आवारातल्या नळावर हात धुत असताना बाजूला एक बाई येऊन उभी राहिली. भानुदासची बायको, मालन. दवाखान्यात मी तिला पाहिलं होतं.

"डॉक्टरीणबाई, जेवला का?"

"नाही अजून."

"भाकरी हाय आमच्याकडं. या की."

मी नको म्हटलं. ती तिथंच थांबली. तिला बोलायचं होतं.

"तुम्ही त्या दिवशी थांबला नसता तर हे ऱ्हायलं नसतं, डॉक्टर म्हणालं हुतं. आन् तुमच्यावरच केस. वकील म्हणाले, करावीच लागती, त्याशिवाय इमा मिळत न्हाई. राग मानू नका."

"राग कसला."

"त्यांनी तुमची माफी मागितली हुती न्हवं का, दवाखान्यात?"

मागितली होती. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेले, तेव्हा डोक्याला पट्टी, पाय टांगलेला, अशा अवस्थेत तो मला म्हणाला होता, "मॅडम, माफ करा. माझीच झोप लागली असंल. तुमच्या गाडीचं लई नुकसान झालं का?" आणि मी म्हणाले होते, "ते जाऊ द्या. तुम्ही आराम करा."

"आता काय सांगू," मालन म्हणाली. "झोपंतनं उठून बसत्यात. मी झोपलो कसा, म्हणत्यात. चौदाव्या वर्षापासनं गाडीवर हाय, कधी पडलो न्हाई, मग झोपलो कसा. सासरं तर बोलतच न्हाईत त्यांच्याशी. पोराबाळांचा इचार केला न्हाईस, असं एकदा म्हणालं, तवापासनं बंद. परवा पोरगी सायकल शिकती म्हणाली, तर तिच्या अंगावर धावून गेलं. कुणी काय बी चालवायचं न्हाई म्हणून." तिनं पदरानं हात पुसले. "पैशाचं काय हुईल ते होऊ दे. पर माणूस पैला ऱ्हायला न्हाई."

ती निघून गेली. मी नळ बंद केला. समोर कॅन्टीन होतं, पण मी गेले नाही. आवाराच्या कडेला माझी ओम्नी उभी होती. दुरुस्त केलेली, रंग दिलेली, कुठं काय लागलं होतं ते कुणाला दाखवूनही समजलं नसतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. जेवणाची सुट्टी संपल्याचं शिपायानं ओरडून सांगितलं तेव्हा मी वर गेले. पायऱ्या चढताना मी खटावकरांची तीन वाक्यं मनात म्हणून बघितली. ती अजून पाठ होती.

शपथ झाली. खटावकर उभे राहिले.

"अपघाताच्या वेळी तुम्ही गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवत होता?"

"उजव्या."

"मॅडम, प्रश्न नीट ऐका. तुमची बाजू, म्हणजे डावी—"

"मी प्रश्न ऐकला. मी उजव्या बाजूला होते. उसाच्या ट्रॉलीला ओलांडून पुढे जायला बाहेर आले होते. वळण होतं, मोरी होती, पुढचं काही दिसत नव्हतं. तरी आले."

बाबरनं मान वर केली. न्यायाधीशांनी लिहिणाऱ्याला थांबायची खूण केली आणि माझ्याकडे वळले. साठीला आलेले गृहस्थ होते, सकाळपासून कंटाळलेले दिसत होते. आता दिसत नव्हते.

"तुमच्यावर याच अपघाताचा फौजदारी खटला चालू आहे, याची तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे."

"इथं जे सांगाल ते नोंदलं जाईल. त्याचा तुम्हाला तिथं त्रास होऊ शकतो. थोडा वेळ घ्यायचा असेल तर घ्या."

"वेळ दोन वर्षं घेतला, साहेब. लिहून घ्या."

माझा आवाज स्थिर होता. मलाच त्याचं आश्चर्य वाटलं. दोन वर्षं तेच खोटं सांगताना तो इतका स्थिर कधी नव्हता.

खटावकर आता माझे वकील उरले नव्हते. साक्षीदार उलटली असं सांगून त्यांनी मला आडवेतिडवे प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

"पोलिसांना तुम्ही वेगळा जबाब दिला होता. तेव्हा खोटं बोललात?"

"हो."

"मग आज खरं बोलताय हे कोर्टानं कसं मानायचं?"

"पंचनामा वाचा. हेडलाइटच्या काचा रस्त्याच्या उजव्या कडेला, साइडपट्टीवर सापडल्या असं त्यात लिहिलंय. कराडकडे जाताना उजवी कडा. धडक माझ्या बाजूला झाली असती तर काचा डाव्या अंगाला असत्या. वाहनांच्या चाकांनी तिकडं ढकलल्या असतील, असं तुम्हीच मागच्या तारखेला म्हणालात. वाहनांनी ढकलल्या नाहीत. धडकच तिथं झाली."

"तुम्हाला त्या दिवशी तातडीच्या कामावर जायचं होतं. जनावर अडलं होतं. बरोबर?"

हा त्यांनी मला दिलेला शेवटचा हात होता, हे मला समजलं. तो घेतला असता तर निदान चूक थोडी शोभून दिसली असती.

"नाही. म्हैस सकाळी नऊलाच मोकळी झाली होती. मी घरी परतत होते. मला कसलीही घाई नव्हती. ट्रॉलीच्या मागं हळू चालायचा कंटाळा आला होता, एवढंच. आणि मला वाटत होतं की मला जमतं."

"अर्जदाराकडून तुम्हाला काही मिळणार आहे? काही ठरलंय?"

"त्यांच्या पत्नीनं मला दुपारी भाकरी विचारली. मी घेतली नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. खटावकर खाली बसले. नंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, पण त्या माणसाबद्दल मी वाईट बोलणार नाही. ते त्यांचं काम करत होते. माझं काम मी दोन वर्षं केलं नव्हतं.

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते. दावा मंजूर झाला आणि विमा कंपनीनं भरपाई दिली. तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेसाठीच तर विमा सक्तीचा असतो, आणि मालकानं चूक कबूल केली म्हणून कंपनीला ती नाकारता येत नाही. हेल्मेट नव्हतं म्हणून कंपनीनं रक्कम कमी करायला सांगितलं, ते न्यायाधीशांनी मानलं नाही. मुख्य इजा गुडघ्याची होती. कराडच्या कोर्टात मी गुन्हा कबूल केला, दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. लायसन सहा महिने निलंबित झालं. खात्यानं चौकशी करून एक वेतनवाढ रोखली आणि मला जावळीकडच्या दवाखान्यात धाडलं. ते सहा महिने मी एसटीनं आणि पायी जनावरं बघितली. लोक विचारायचे, गाडी कुठाय बाई? मी कारण सांगायचे. पहिल्या दोन-तीन वेळा जड गेलं.

तात्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी हातातली सुपारी कातरून घेतली. मग म्हणाले, "उजवा कोपरा चेपला होता गाडीचा, उजव्या चाकाला साइडपट्टीची माती होती. मला त्याच दिवशी कळलं होतं." मी म्हटलं, "मग बोलला का नाही?" ते म्हणाले, "तू सांगतीस का बघत होतो." एवढंच. नोकरी गेली असती तरी मला तेवढं लागलं नसतं.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते कोर्टातल्या साक्षीसाठी नाही, त्यानंतरच्या पाऊण तासासाठी.

साक्ष संपवून मी बाहेर आले तेव्हा भानुदास व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, पाय सरळ पुढे ठेवून. मालन शेजारी. बाबर माझ्याकडे हात जोडत आला. भानुदासनं हात जोडले नाहीत.

"दवाखान्यात मी माफी मागितली," तो म्हणाला, "तवा तुमाला ठावं हुतं?"

"होतं."

"धडक कशी झाली, सगळं?"

"सगळं."

मालन उठून आत बघू लागली, जणू कुणी बोलावलंय. भानुदास खाली फरशीकडे बघत होता. मी उभीच होते. मला माफी मागायची होती, आणि ती मागणं किती सोपं आहे हेही कळत होतं.

"तिथंच सांगायचं हुतं," तो म्हणाला. "पैसं नसतं मिळालं तरी चाललं असतं. तिथंच सांगायचं हुतं."

"हो."

"दोन वरसं मी सोताला शिव्या घातल्या."

"मला आज दुपारी कळलं. पण ते कळलं नसतं तरी मला सांगायला हवं होतं."

बाबर निघून गेला. कोर्टातून दुसऱ्या कुठल्या तरी प्रकरणाचा पुकारा झाला. मला वाटलं आता जावं; माझ्या तिथं उभं राहण्याचा भानुदासला त्रासच होतोय. मी वळले, तेवढ्यात तो म्हणाला, "बसा."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"मला सांगा आता. पैल्यापासनं. मंदिराच्या फुडं मला काय बी आठवत न्हाई. तुमाला आठवतंय न्हवं?"

"आठवतं."

"मग सांगा."

मी सांगितलं. ट्रॉली कुठल्या रंगाची होती, ऊस किती वर रचला होता. मी बाहेर कधी आले, तो वळणावर प्रथम कुठं दिसला. पांढरा सदरा, हँडलला रंगाचे दोन डबे टांगलेले. तो मध्ये मध्ये थांबवून विचारत होता. येताना गाडीचा वेग काय होता? जास्त नव्हता, तीसच्या आसपास. मी हलत होतो का, डुलत? नाही, ताठ बसला होता. नजर कुठं होती? समोर. माझ्या गाडीकडे. मालन कधी येऊन बाकाच्या मागे उभी राहिली होती ते मला कळलं नाही.

"मग मी काय केलं?"

"तुम्ही डांबर सोडलं. साइडपट्टीवर उतरलात, अगदी कडेला, मोरीच्या कठड्याला घासून. त्यापलीकडे जागा नव्हती. त्यापेक्षा जास्त कुणालाच काही करता आलं नसतं. मीही करू शकले नसते."

मग अगदी हळू, उत्तराची भीती वाटत असल्यासारखं त्यानं विचारलं.

"हारन वाजवला हुता का मी?"

"वाजवला होता," मी म्हणाले. "दोनदा."